वास अकोल्याला गेला

मनकर्णाबाईंच्या पायांवर आजवर भावकीतली सत्तावीस लेकरं न्हाली होती आणि त्यांतलं एकही लेकरू आईनं नंतर परत केलं नव्हतं. पाय लांब करून पाटावर बसायचं, लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं, कोमट तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी, मग निखाऱ्यावर ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी, टाळू भरायची, गालाला काजळाची तीट, आणि फडक्यात गच्च गुंडाळून आईच्या स्वाधीन. गावचा आत्ताचा सरपंच याच वाटेनं आला होता. अमरावतीत चौकात उभा राहून गाड्या अडवणारा नितेशही. अंगावर पाणी पडताच तो लहानपणी ज्या आवाजात रडायचा त्याच आवाजात आता शिट्टी मारतो, असं बाईंचं निरीक्षण होतं.

अठ्ठाविसावं लेकरू मेंढीचं निघालं. तिथं घोळ झाला.

मूर्तिजापूरच्या अलीकडं, फाट्यापासून दीड किलोमीटर आत त्यांचं पाच एकराचं शेत. घर शेतातच, आणि घराला लागून पत्र्याचं शेड. शेडमधल्या नऊ मेंढ्या म्हणजे त्यांचे यजमान भगवंतराव यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. भगवंतराव एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं अकोला-नागपूर रस्त्यावर घंटी मारून ते घरी आले तेव्हा त्यांना दोनच गोष्टी येत होत्या, माणसं मोजणं आणि माणसं आत सरकवणं. माणसं मिळेनात म्हणून त्यांनी मेंढ्या घेतल्या. मेंढ्यांना त्यांनी रस्त्यावरच्या थांब्यांची नावं दिली: बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा, मोझरी, तिवसा, तळेगाव, असं करत करत नराचं नाव नागपूर. असं का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, सगळ्या शेवटी तिकडंच जातात. बायको जवळ असली तर म्हणत, असंच.

थंडीतला दिवस ठरलेला असे. सकाळी पत्र्यावरून दव ठिबकायचं, शेकोटी पेटायची, आणि भगवंतराव मफलर गुंडाळून शेडच्या दारात उभे राहून एकेक मेंढी मोजत बाहेर सोडायचे. दोघी एकदम घुसल्या तर दोघींना परत आत. मोजणी चुकली तर पुन्हा बोरगावपासून. मेंढ्यांना आता याची सवय झाली होती. नागपूर तर आपला नंबर शेवटचा हे ओळखून तोवर बसूनच राही. मनकर्णाबाई मागून लेंड्या झाडत, पाणी कोमट करत, सोयाबीनचं कुटार टाकत, आणि रात्री मेंढ्यांवर पांघरलेली बारदानं गोळा करून उन्हात टाकत. मेंढीला स्वतःची लोकर असताना वर बारदान कशाला, असं भगवंतराव दर हिवाळ्यात विचारत. तुमच्या अंगावर चामडं आहे, तरी सुटर घालताच ना, असं बाई दर हिवाळ्यात सांगत. एवढं बोलणं झालं की थंडी पडली असं समजायचं.

भगवंतरावांना एक खोड होती. त्यांना सांगायला आवडे. रोज संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत त्यांची बैठक असायची आणि विषय बहुधा बायकोचा. नव्याण्णव साली मनकर्णाबाई बडनेऱ्याला लग्नाला म्हणून निघाल्या, भलत्याच गाडीत बसल्या आणि परतवाड्याला उतरल्या. ही हकिकत भगवंतराव पंचवीस वर्षं सांगत होते. सुरुवातीला बाई परतवाड्यालाच उतरायच्या. अलीकडं त्या पार धारणीपर्यंत जाऊ लागल्या होत्या आणि वाटेत त्यांना अस्वल भेटू लागलं होतं. गावातल्या नव्या सुना ओळख झाली की आधी अस्वलाचं विचारत. तेव्हापासून मनकर्णाबाईंनी पुन्हा चूक केली नाही असं नाही. सापडू दिली नाही.

त्या दिवशी अकोल्यात शेतकरी मेळावा होता. ‘हिवाळ्यात मेंढ्यांची निगा’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला भगवंतरावांना बोलावणं आलं होतं. तीन आठवडे ते शेडमध्ये उभं राहून भाषण पाठ करत होते. मेंढ्या ऐकत होत्या, म्हणजे जात नव्हत्या.

साडेपाचला मनकर्णाबाई शेडमध्ये गेल्या तर तिवसा व्यायला लागलेली. पहिलटकरीण. लाइन गेली होती, हातात मोबाइलची बॅटरी, तीही मिणमिणती. पिल्लू खाली आलं ते ओलं, चिकट, थरथरतं. बाईंनी अंधारात खुंटीकडं हात घातला, हाताला लागलं ते जाडंभरडं बारदान ओढलं आणि पिल्लाला खसाखसा पुसून काढलं. मग ते पुन्हा खुंटीला टांगलं, शेकोटीच्या धगीवर वाळेल असं.

सहाला भगवंतराव तयार होऊन आले. पिल्लू पाहून खुश झाले. मेळाव्यात सांगायला ताजा मजकूर मिळाला. त्यांनी खुंटीवरून आपलं चॉकलेटी स्वेटर काढलं, घातलं, त्यावर लग्नातला कोट चढवला, आणि एकदम थांबून बायकोकडं जरा निराळ्या नजरेनं पाहिलं.

“सुटर शेकून ठेवलं वं तू,” ते म्हणाले.

आपण असं काही केल्याचं बाईंना आठवेना. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी चांगलं म्हणत असताना चौकशी कोण करतो. त्या नुसत्या हूं म्हणाल्या. स्वेटरच्या बाबतीत आणखी काही भगवंतरावांच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. एकतीस वर्षं डिझेलच्या धुरात काढल्यामुळं त्यांच्या नाकानं त्यांच्याआधीच निवृत्ती घेतली होती. निघताना मात्र त्यांनी बजावलं:

“अर्ध्या घंट्यात उभं राहीन ते, दूध पिईन. तू हात लावू नको. मेंढीचं मेंढी पाह्यते.”

हात लावू नको हे त्यांनी म्हणायला नको होतं. मनकर्णाबाई सात वाजेपर्यंत हात बांधून बसल्या. पिल्लू उभं राहायला बघत होतं, पडत होतं, पुन्हा बघत होतं, आणि कुडकुडत होतं. शेवटी आपल्याकडं सत्तावीस लेकरांचा अनुभव आहे आणि ह्यांच्याकडं तिकिटांचा, असा विचार करून बाईंनी चुलीवर पाणी ठेवलं.

पाट आला, तेल आलं, डाळीचं पीठ आलं. पिल्लू नडग्यांवर पालथं घातलं तेव्हा चार पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न आला, तो दोन इकडं दोन तिकडं असा सुटला. पिल्लू रडलं नाही. मान वळवून बाईंकडं नुसतं पाहत राहिलं, अगदी एखाद्या शहाण्या लेकरासारखं. धुरी दिली. टाळू शोधली, सापडेना, तरी अंदाजानं तेल भरलं. पिल्लू काळंभोर, त्यावर काजळ दिसेना, म्हणून चुन्याची तीट लावली. मग फडक्यात बांधून, बोटं मोडून, त्यांनी ते तिवसाच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

तिवसानं हुंगलं. दोन पावलं मागं सरली. पुन्हा हुंगलं. आणि मग मान खाली घालून तिनं त्या लाडक्या, पावडर तेवढी लावायची राहिलेल्या बाळाला अशी धडक दिली की ते फडक्यासकट कुटाराच्या ढिगात जाऊन पडलं.

पहिलटकरणी असं करतात, बाईंना माहीत होतं. त्यांच्या धाकट्या जावेनंही पहिल्या दिवशी लेकराकडं पाठ केली होती. तिला त्यांनी रागावलं होतं आणि डिंकाचे लाडू दिले होते. तिवसालाही त्यांनी रागावलं आणि डब्यातला एक लाडू दिला. तिवसानं लाडू खाल्ला आणि पिल्लाला पुन्हा धडक दिली. दुसरा लाडू खाऊन तिसरी धडक दिली. लाडू आणि धडक यांचा काही संबंध आहे असं तिला वाटू लागलं असावं, कारण नंतर नंतर ती आधी धडक देऊन मग बाईंच्या हाताकडं पाहू लागली. दहा वाजेपर्यंत डबा निम्मा झाला. बडनेरा आणि तळेगाव रांगेत येऊन उभ्या होत्या. पिल्लाच्या पोटात थेंब नव्हता.

तेव्हा बंडू आला. बंडू हा जुना धनगर. दर हिवाळ्यात त्याची दोनशे मेंढरं भगवंतरावांच्या मोकळ्या झालेल्या सोयाबीनच्या रानात रात्रीची बसत; रानाला खत मिळे, बंडूला ज्वारी आणि चहा. तो चहासाठी आला होता. शेडमध्ये डोकावून त्यानं पिल्लू पाहिलं, उचललं, नाकाशी धरलं, आणि हे काय केलं म्हणून विचारलं. बाईंनी क्रमवार सांगितलं. तेल. पीठ. पाणी. धुरी. टाळू. तीट.

बंडू हसला नाही. तो उठून शेडच्या मागं गेला, तिथं बराच वेळ राहिला, आणि तोंड धुऊन परत आला.

“वयनी,” तो म्हणाला, “मेंढी डोयानं नाई वळखत, नाकानं वळखते. तुमी त्याचा वासच धुऊन टाकला. तिच्या लेखी हे पावन्याचं लेकरू हाय.”

“मंग आता?”

“आज दिवस मावळेपरेंत जमलं तं जमलं. एकडाव रात गेली का ते कोनाचंच नाई.”

मनकर्णाबाई कुटारावर बसल्या. पिल्लू त्यांच्या मांडीत येऊन पदर चोखू लागलं. त्यांच्या डोळ्यांपुढं एकीकडं ते एवढंसं तोंड होतं आणि दुसरीकडं फाट्यावरची टपरी. पिल्लू गेलं तर त्यांना स्वतःचं तोंड पाहवलं नसतं. आणि पिल्लू कशानं गेलं हे भगवंतरावांना कळलं तर अख्ख्या तालुक्यानं त्यांचं तोंड पाहिलं असतं. आज टाळू, उद्या पाळणा. पुढच्या हिवाळ्यापर्यंत टपरीतल्या हकिकतीत बाईंनी त्या पिल्लाचं बारसं करून त्याला बालवाडीत घातलेलं असणार होतं.

बंडूनं तिवसाला भिंतीशी दाबून धरलं, बाईंनी अर्धी वाटी चीक काढला आणि चमच्यानं पिल्लाला पाजला. पिल्लाच्या डोळ्यांत थोडा उजेड आला. पण हे दिवसातून सहा वेळा, दोन महिने कोण करणार? आणि तेवढ्या झटापटीत तिवसानं बंडूचा चष्मा फोडला तो वेगळाच. बंडू म्हणाला, पहिला वास ज्याला लागलाय असं काहीतरी पाहिजे. पिल्लामागून पडलेली वार कुठं आहे? वार सकाळीच त्याच्या कुत्र्यानं नेली होती. कुत्रं लांब तुरीत बसून इकडं अजिबात पाहत नव्हतं.

मग त्यानं विचारलं, पिल्लू आल्या-आल्या पुसलं कशानं?

बारदानानं, बाई म्हणाल्या, आणि उठून खुंटीकडं गेल्या. खुंटी रिकामी होती. त्यांनी बारदानं मोजली. नऊ मेंढ्या, नऊ बारदानं, सगळी रात्रभर मेंढ्यांच्याच पाठीवर होती. दहावं बारदान त्या घरात कधीच नव्हतं.

मनकर्णाबाईंनी खुंटीकडं पाहिलं. मग शेकोटीकडं. मग त्यांना आठवली ती नवऱ्याची निराळी नजर. मग त्या हळूच वळल्या आणि पश्चिमेकडं, अकोल्याच्या दिशेनं पाहत राहिल्या.

“काय झालं?” बंडूनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. बंडूनं थोडा विचार केला.

“म्हंजे वास अकोल्याले गेला,” तो म्हणाला.

नात अपेक्षा अकोल्यात शिकत होती आणि आज मेळाव्यात आजोबांबरोबर होती. मनकर्णाबाईंनी तिला फोन लावला. आबाजी मंचावर बसलेत, अपेक्षानं सांगितलं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाली की आज काहीतरी बिनसलंय. गाडीत आबाजींना तीन जणांची सीट एकट्याला मिळाली होती. मंचावर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आधी भरल्या होत्या, आता रिकाम्या आहेत. सत्काराचा हार एका पाहुण्यानं दुरून टाकला, तो एका कानाला अडकला. पहिल्या रांगेतले लोक तिसऱ्या रांगेत जाऊन बसलेत. आबाजी कोणाला काही म्हणत नाहीत, नुसते समोर पाहतात.

“वास येऊन राहिला ना पण?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

अपेक्षानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आजी?”

“टिकून आहे ना वास? का उडाला?”

अपेक्षा म्हणाली, चांगलाच टिकून आहे. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला तो नातीला अकोल्यात ऐकू गेला. मग त्यांनी सूचना दिल्या: आबाजींनी स्वेटर काढता कामा नये, उकडलं तरी. आणि पाहुण्यांना अत्तर लावत फिरणारा कोणी दिसला तर त्याला आबाजींच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. तीनच्या गाडीत बसवायचं, मेळावा संपो न संपो. कारण विचारलं तेव्हा, तुझी सेमिस्टर कशी चालली आहे, असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

दुपार मोठी वाईट गेली. बंडूनं पिल्लाची तीट पुसली आणि त्याला शेडमधल्या मातीत लोळवलं, पण आतून अजून ओव्याचा घमघमाट येत होता. दोनला त्यांनी पुन्हा वाटीभर चीक काढला. बाई मनातल्या मनात जबान्या तयार करत होत्या. पिल्लू आपणहून तेलात पडलं. पीठ वाऱ्यानं उडालं. टाळूपाशी आल्यावर मात्र कुठलीच जबानी पुढं सरकेना.

सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला तेव्हा भगवंतराव फाट्याकडून येताना दिसले. कोट हातावर, हार खिशात कोंबलेला, मान खाली. एकतीस वर्षांत गाडी बंद पडली तेव्हाही ते असे चालले नव्हते. सगळं खरं सांगून टाकावं म्हणून त्या दोन पावलं पुढं झाल्या.

पण त्यांच्याआधी तिवसा पुढं झाली. वारा तिकडून होता. तिनं कान टवकारले, दिवसभरात न काढलेला असा खोल, गदगदलेला आवाज घशातून काढला, आणि दोर तोडून भगवंतरावांवर धावली. ती त्यांच्याभोवती फिरली. त्यांच्या पोटाला नाक घासलं. मग स्वेटरची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत चाटायला लागली, थांबेचना.

भगवंतराव तिथंच उभे राहिले.

“पाह्य मनकर्णे,” ते म्हणाले. “माणसायपरीस हे मुकं जनावर बरं. एक दिवस नव्हतो तं कशी झाली.”

मग त्यांनी अकोल्याचं सगळं सांगितलं. माणसं बदलली, ते म्हणाले. पूर्वी गाडीत उभ्या माणसालाही आपण आपली जागा द्यायचो. आज कोणी शेजारी बसायला तयार नाही. भाषणाचा नंबर पुढं पुढं ढकलत नेला आणि शेवटी वेळ संपला म्हणाले. सांगताना ते तिवसाच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि तिवसा त्यांचं कोपर चाटत होती. बंडू तुरीकडं पाहत होता. सूर्य अर्धा बुडाला होता.

खरं सांगितलं असतं तर भगवंतरावांचं ते एकुलतं एक प्रेमही गेलं असतं. नुसतं स्वेटर मागितलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं. मनकर्णाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला त्याच्याच भाषेत आत सरकवलं.

“सकायपासून पिल्लाले जवळ नाई करून राहिली,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबिगर तिचं मन नाई लागून राहिलं. तुमीच बसा पिल्लू घेऊन.”

भगवंतराव ताठ झाले. पालथ्या घमेल्यावर बसले. बंडूनं पिल्लू आणलं, स्वेटर वर करून आत घातलं, आणि नुसतं तोंड आणि शेपटाची बाजू तेवढी बाहेर राहील असं बसवलं. माणसाची ऊब लागते, असं तो म्हणाला, आणि खोकला. तिवसा आली. तिनं भगवंतरावांना हुंगलं, पिल्लाची शेपटी हुंगली, पुन्हा भगवंतरावांना, पुन्हा शेपटी. दोन्ही टोकं एकाच बाळाची आहेत अशी तिची खात्री पटत चालली. पिल्लानं मान लांबवून आचळ धरलं. तिवसा हलली नाही. पिल्लाची शेपटी जोरात फडफडू लागली तेव्हा मनकर्णाबाईंनी पदर तोंडात धरला, आणि त्या रडत होत्या का हसत होत्या हे बंडूलाही ठरवता येईना, कारण त्याला चष्मा नव्हता.

पिल्लू पीत होतं तोवर भगवंतरावांनी अकोल्यात राहिलेलं भाषण करून टाकलं. पूर्ण दहा मिनिटं. शेवटी बंडूनं टाळ्या वाजवल्या.

स्वेटर दोन दिवस पिल्लाच्याच अंगावर राहू द्या, बंडू म्हणाला. भगवंतरावांनी ते देशासाठी द्यावं तसं काढून दिलं आणि दोन दिवस नुसत्या कोटात काकडत हिंडले. तिसऱ्या दिवशी तिवसा पिल्लाला स्वेटराशिवायही ओळखू लागली, आणि भगवंतरावांना ओळखेनाशी झाली. लेकराच्या नादात असते, ते म्हणाले.

टपरीत मात्र त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सुरुवात केली होती. मंचावर बसल्या-बसल्या त्यांना आतून कळलं होतं की शेडमध्ये काहीतरी अघटित घडतंय. सत्कार, भाषण सगळं टाकून ते निघाले होते. घरचे घाबरून गेले होते, असंही एक वाक्य त्यात होतं. मनकर्णाबाईंनी ते वाक्य तीन दिवस गिळलं. त्यांचं नाव कुठं नव्हतं, पीठ नव्हतं, टाळू नव्हती. त्यांना पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. पण चौथ्या दिवशी दर्यापूरकडून एका माणसाचा फोन आला. त्याची म्हैस रेडकाला जवळ घेत नव्हती. भगवंतरावांनी येऊन तिच्याजवळ बसावं, गाडी पाठवतो, असं तो म्हणाला. भगवंतराव दाढी करायला बसले.

म्हैस धडक देते तेव्हा लाडू मागत नाही. मनकर्णाबाई चुलीपुढून उठल्या, त्यांच्या हातातून आरसा काढून घेतला आणि पाटावर बसून सगळं सांगितलं. साडेपाचपासून.

भगवंतराव अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ऐकत होते.

“डाळीचं पीठ लावलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् टाळू भरली?”

“भरली.”

“मेंढीले?”

“पिल्लाले.”

भगवंतरावांचे खांदे हलायला लागले. त्यांनी मफलर तोंडावर दाबलं. चुन्याची तीट आली तेव्हा ते भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी गळून साबणात मिसळलं. मग मधेच ते थांबले. काहीतरी आठवून मोजावं तसे त्यांचे ओठ हलले.

“म्हंजे अकोल्यात मी दिवसभर…”

“हो.”

“गाडीतही?”

“येता-जाता.”

मग भगवंतरावांनी साबण पुसला. त्यांचा चेहरा पार मोकळा झाला होता.

“म्हंजे माणसं साजरीच होती,” ते म्हणाले. “मी उगाच चार दिवस शिव्या देऊन राहिलो.”

म्हशीकडं येत नाही म्हणून त्यांनी फोन करून कळवलं, प्रकृतीचं कारण सांगून. मग चपला घातल्या आणि लगबगीनं टपरीकडं निघाले. पाऊण वाटेवर गेल्यावर त्यांची चाल मंदावली. जन्मात एवढी भारी हकिकत हाती लागली नव्हती, आणि ती कुठूनही सांगायला घेतली तरी मध्ये अकोला येत होतं. पिठापासून धरावं तर टाळूवरून गाडी थेट त्या मंचावर जाऊन थांबत होती, जिथं ते एकटे बसले होते, एका कानाला हार लावून. त्यांनी चहा घेतला, हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि वीस मिनिटांत घरी परत आले.

त्या रात्रीपासून एक नवीच पद्धत पडली. जेवणं झाली, मेंढ्या आत मोजून झाल्या, शेकोटीवर दोन काड्या जास्तीच्या पडल्या की भगवंतराव घमेलं पालथं घालून बसत आणि म्हणत, मनकर्णे, ते पुन्हा सांग. आणि मनकर्णाबाई सांगत. सांगण्यात मजा असते हे त्यांना एवढ्या वर्षांत कोणी कळू दिलं नव्हतं. पहिल्या रात्री त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. तिसऱ्या रात्री तिवसानं डब्यातले सगळे लाडू खाल्ले. आठव्या रात्री अकोल्याच्या मंचावरचा माइक आपोआप दोन फूट मागं सरकला, आणि पाहुणे खुर्च्यांसकट उठून मांडवाबाहेर जाऊन बसले.

“माइक नोता सरकला,” भगवंतराव म्हणाले.

“सांगून कोन राहिलं,” मनकर्णाबाई शेकोटीत काडी सरकवत म्हणाल्या, “तुमी का मी?”